सहा डिसेंबरची ज्वारी

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझ्या आईच्या हातावर भाकरी फुटली. परातीत थापून झाली होती. उचलली आणि तव्यापर्यंत पोहोचायच्या आत तिचे तीन तुकडे झाले. दुसरीचंही तेच झालं. तिसरी तव्यावर पडली, पण कडेने चिरत आतपर्यंत गेली. आई सत्तरीच्या पुढची आहे आणि परकर नेसत होती तेव्हापासून भाकऱ्या करते आहे.

ती भाकरी घरच्या जेवणासाठी नव्हती, पीठ तपासण्यासाठी होती. आमच्या गल्लीतून दर वर्षी पाच डिसेंबरच्या संध्याकाळी टेम्पो भरून भाकऱ्या दादरला जातात. सहा तारखेला चैत्यभूमीवर राज्यभरातून माणसं येतात. दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असतात, रांगेत उभी असतात. त्यांच्या हातात एक ज्वारीची भाकरी, तिच्यावर कोरडं पिठलं आणि मिरचीचा ठेचा द्यायचा, ही गल्लीची पद्धत. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, घडी घालून खिशात ठेवता येते, ताट लागत नाही. सोलापूरकडून अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला आलेल्या आमच्या आजीच्या पिढीने हे सुरू केलं. तेव्हा टेम्पो नव्हता, टोपल्या डोक्यावरून स्टेशनपर्यंत जायच्या. तेव्हापासून खंड पडलेला नाही.

आता गल्लीतली निम्मी घरं बदलापूर आणि अंबरनाथच्या इमारतींमध्ये गेली आहेत. मीही बदलापूरला राहते. एरवी लग्नकार्य सोडलं तर आम्ही एकमेकींना भेटत नाही. पाच डिसेंबरला मात्र सगळ्या आपापली परात घेऊन येतात. आई या कामाची प्रमुख आहे. तसं कोणी नेमलेलं नाही, पण तिने तव्यावर पहिली भाकरी टाकल्याशिवाय कोणी सुरुवात करत नाही.

त्या रविवारी तुकडे परातीत पडले तेव्हा समोरच्या घरातली काकू दारात उभी होती. आईची आणि तिची चाळीस वर्षांची मैत्री आहे आणि तेवढ्याच वर्षांची चढाओढ.

"मॉलचं पीठ आहे बाई," काकू म्हणाली. "त्याला एसीत थापावं लागत असेल."

आईने पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहिली, जिभेवर ठेवली. मग म्हणाली, "विरी गेलीय याची."

पिठाचा चिकटपणा संपला, ते धरून राहीना, की आमच्याकडे विरी गेली म्हणतात. त्यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे. उकळतं पाणी घालून पीठ मळायचं. आईने तेही करून पाहिलं. भाकरी थापली गेली, फुगलीही. ती फडक्यात गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. तुटेना. काकूने एक घास दाताने ओढून पाहिला आणि परत ठेवला. घरात गरम खायला चाललं असतं. टोपलीतून दादरला नेऊन दुसऱ्या दिवशी पाहुण्याच्या हातावर ठेवण्यासारखी ती भाकरी नव्हती.

पीठ कुठून आलं, हे सांगायला दुकानाबद्दल सांगावं लागेल.

गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी सेठचं किराणा दुकान होतं. दारातच उघडी पोती असत, तांदळाची, गव्हाची, डाळींची. नोव्हेंबर लागला की सेठ न सांगता शाळू ज्वारीची दोन पोती मागवून ठेवायचा. बायका कोपरापर्यंत हात घालून पोत्याच्या तळचे दाणे वर काढायच्या आणि त्यातला एक दाताखाली फोडायच्या. आत पांढरंशुभ्र पीठ दिसलं आणि चव गोडसर लागली तर पोतं पसंत. सेठ तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बघायचा. पसंत पडलं नाही तर तेच पोतं परत पाठवून दुसरं आणायचा. वजन करायला दुकानात बार्शीकडचा एक माणूस होता, तो दाणा बघून गाव सांगतो अशी त्याची ख्याती होती. ती खरी होती की नाही, हे कोणी तपासलं नव्हतं.

सेठ गेल्यावर मुलाने दुकानाचं मार्ट केलं. काचेचं दार आलं, एसी आला, ट्रॉल्या आल्या. गल्लीने त्याबद्दल तक्रार केली नाही. भाव पाकिटावर छापलेला असतो, तांदळात खडा निघत नाही, म्हातारी माणसं गारव्याला जाऊन बसतात. अडचण वेगळीच झाली. या महिन्यात आवडलेली तूरडाळ पुढच्या महिन्यात दिसत नसे. तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाच्या पिशवीतली. चहाचं तसंच, पोह्यांचंही तसंच. विचारलं तर मार्टचा पोरसवदा मॅनेजर सांगायचा की आता हीच येते, ही पण चांगली आहे. मग बायकांनी मार्ग काढला. एखादी डाळ नीट शिजली, की लगेच जाऊन आणखी चार पाकिटं आणायची, ती गायब व्हायच्या आत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई नेहमीप्रमाणे ज्वारी घ्यायला गेली, तर ज्वारीचा दाणाच नव्हता. ज्वारीचं पीठ होतं. पाकीट देखणं होतं. गल्लीच्या वर्गणीतून तिने लागतील तेवढी पाकिटं एकदम घेतली, कारण पुढच्या आठवड्यात ते पीठ राहील याची खात्री नव्हती. घरी आणून तिने आणि काकूने पाकिटं फोडली, पत्र्याच्या कोठीत पीठ ओतलं, वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि झाकण लावलं. दर वर्षी ज्वारी अशीच भरली जायची.

भाकरी फुटली त्या रविवारी दुपारी आईने रिकाम्या पिशव्यांवरची तारीख माझ्याकडून वाचून घेतली. दळून पावसाळा उलटला होता. त्यावर आमच्या कोठीतले तीन आठवडे.

"धान्यासारखं पीठ भरलं आपण," आई म्हणाली.

काकूने मान हलवली. कोठी भरताना तीही बरोबर होती, त्यामुळे तिला या विषयावर टोमणा मारता आला नाही.

पाच डिसेंबरला जेमतेम आठवडा उरला होता. सोमवारी संध्याकाळी विहारात बैठक झाली. तरुण मुलांचं म्हणणं होतं की या वर्षी पाणी आणि बिस्किटांचे पुडे न्यावेत. अनेक मंडळं तेच करतात, त्यात कमीपणा नाही. मुलं चुकीचं बोलत नव्हती आणि उद्धटपणेही बोलत नव्हती. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की बिस्किटं जरूर न्या, पण भाकरीच्या बदल्यात नको. एक वर्ष परात काढली नाही तर बदलापूरच्या पोरी पुढच्या वर्षी येणार नाहीत, अंबरनाथच्या येणार नाहीत, आणि मग कोणाला बोलवायचं हेही कोणाला आठवणार नाही. तिने दोन दिवस मागून घेतले.

मी बदलापुरात शोधायचं ठरलं. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात ज्वारीचा दाणा मिळाला, अर्धा-अर्धा किलोच्या पाकिटांत, नाचणी-राळ्याच्या शेजारी, तब्येतीची काळजी घेणाऱ्यांसाठी मांडलेला. तशी पाकिटं पोतंभर मिळणार नव्हती, तरी नमुना नेला. आईने दाणा फोडला. आत पीठ कमी, साल जाड. "हायब्रीड," म्हणाली आणि उरलेलं पाकीट आंबिलीसाठी बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि काकू अंबरनाथला गेलो. बाजारातल्या घाऊक दुकानदाराने ज्वारी आहे म्हणून सांगितलं आणि गोदामातून ओंजळभर दाणे आणून दाखवले. तांबूस, काही दाण्यांना काळं टोक. आईने विचारलं, ही कोण नेतं. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, ही कबुतरांची. चौकात दाणे टाकणारी मंडळी नेतात, माणसांसाठी ज्वारी मागायला हल्ली कोणी येत नाही.

"एखाद्या कबुतराला विचारून घ्या," काकू म्हणाली. "त्याला तरी पचते का."

परतताना रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर घराकडे न जाता आई मार्टमध्ये शिरली. पीठ परत करायचं तिच्या मनात नव्हतं. सेठच्या मुलाला एकदा समोरासमोर विचारायचं होतं, की दोन पोती कुठूनही मागवून देतोस का.

दुपारची वेळ होती. तो काउंटरमागे जेवत बसला होता. आईला बघून उठला. मौसी म्हणतो तो तिला, लहानपणी तिच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा खाल्लेला आहे. त्याने सगळं समजावून सांगितलं. माल आता डिस्ट्रिब्युटर ठरवतो. ज्या कंपनीची स्कीम असेल तिचा माल फळीवर लागतो, स्कीम संपली की उतरतो. उघडं पोतं ठेवलं तर कीड लागते आणि बाकीच्या मालावर येते. बाबांचं वेगळं होतं, एकटे बघायचे. तो मनापासून बोलत होता, पण आईचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. ती त्याच्या डब्याकडे बघत होती.

डब्यात डोडो होता. सिंध्यांची ज्वारीची भाकरी, आमच्यापेक्षा दुप्पट जाड, आत हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसणाची हिरवी पात. अर्धा खाऊन झाला होता. उरलेल्या अर्ध्याची कड गोल होती. कुठे चीर नव्हती.

"ये तेरे दुकान का आटा नहीं है," आई म्हणाली.

तो हसला. मग त्याचं हसू जरा मावळलं. "नाही मौसी. अम्माचं आहे. ती दुकानातलं घेत नाही."

अम्मा म्हणजे सेठची बायको. दुकानाच्या वरच राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरणं कमी झालं होतं, म्हणून दिसायची नाही. आम्ही तिघी जिना चढून गेलो. अम्माने आईला बघताच खुर्ची पुढे ओढली आणि आधी तक्रार केली, की सेठ गेल्यापासून तुम्ही लोक वर येत नाही. आईने उलट तक्रार केली, की तू खाली येत नाहीस. हे होईपर्यंत चहा आला.

मग विषय निघाला. मार्ट सुरू झालं त्या पहिल्याच महिन्यात मुलाने पाकिटातलं पीठ वर पाठवलं होतं. अम्माने त्याचा एक डोडो केला, मुलाच्या ताटात वाढला आणि सांगितलं, तू धंदा कर, मैं खाना बनाती हूँ, दोनों अलग रखेंगे. तेव्हापासून तिची ज्वारी अंबरनाथहून येते. बार्शीकडचा जो माणूस दुकानात वजन करायचा, त्याने काटा गेल्यावर काम सोडलं होतं आणि अंबरनाथ पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीशेजारी स्वतःचा छोटा धान्याचा गाळा टाकला होता. गावाकडून महिन्याला एक टेम्पो येतो, त्यात जे येईल ते विकतो. आम्ही त्याच सकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षाने गेलो होतो.

अम्माने तिथेच फोन लावून दिला. त्याने आईचा आवाज ओळखला. शाळू होती, पण एकच पोतं. पुढचा टेम्पो डिसेंबरच्या मध्यावर.

एका पोत्यात निम्म्याच भाकऱ्या होणार होत्या. आईने फोनवर ते पोतं राखून ठेवायला सांगितलं आणि ठेवून दिला. काकू म्हणाली, निम्म्या तर निम्म्या.

अम्मा उठली, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेली आणि तिने मला हाक मारली. तिथे पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या. थंडीभर डोडो लागतो म्हणून तिने ऑक्टोबरातच ज्वारी भरून ठेवली होती. एकीचं झाकण तिने उघडलं. आई आत आली, तिने हात घालून तळचा दाणा काढला आणि दाताखाली फोडला.

"ले जा," अम्मा म्हणाली. "लेकिन मैं भी आऊँगी बनाने. इतने साल तुमचा धूर वर आला, बोलावलं कोणी नाही."

आईने सांगितलं की बोलावण्याची पद्धत नाही, परात घेऊन यायचं असतं. अम्मा म्हणाली, ठीक आहे, परात आहे माझ्याकडे.

चार तारखेला अंबरनाथचं पोतं आलं. बार्शीवाला ते स्वतः घेऊन आला आणि मार्टच्या काचेच्या दारासमोर क्षणभर उभा राहिला. सेठच्या मुलाने बाहेर येऊन पोत्याला हात लावला, दोघांनी मिळून ते आमच्या ओट्यावर आणलं. अम्माची कोठीही त्यानेच उतरवली. दुपारभर बायकांनी ज्वारी निवडली. आईने कॅम्पमधल्या गिरणीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पाच तारखेला सकाळी त्याने गव्हाची चक्की बंद ठेवली, आधी पायलीभर ज्वारी दळून ती बाजूला काढली, जात्यात अडकलेला गहू त्यात निघून गेला, आणि मग आमची टाकली. ज्वारीवर ज्वारीच दळायची, नाहीतर गव्हाचं पीठ मिसळतं आणि भाकरी वातड होते. डबे गल्लीत आले तेव्हा पीठ हाताला गरम लागत होतं.

बदलापूरहून आणि अंबरनाथहून येणाऱ्या सगळ्या आल्या होत्या. दोघींच्या मुली पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना भाकरी थापता येत नव्हती, त्यांना पिठलं ढवळायला बसवलं. विटांच्या चुली रांगेने मांडल्या होत्या. अम्मासाठी खुर्ची आणि तिच्यासमोर उंच स्टुलावर परात ठेवली होती, कारण तिला खाली बसता येत नाही. एवढ्या बायकांत ती एकटी उंचावर बसलेली दिसत होती.

आईने साध्या पाण्यात पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतली. भाकरी परातीत गोल फिरत मोठी होत गेली. तिने ती दोन्ही हातांवर उचलली. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, मग आरावर गेली आणि फुगली. त्यानंतर सगळ्या तव्यांवर एकदम भाकऱ्या पडल्या.

अम्माच्या भाकऱ्या तिच्या सवयीने जाड झाल्या. तिने त्यात मिरची-कोथिंबीर घालायला मागितली. आईने नको म्हटलं, मग अर्ध्या भाकऱ्यांत घाल म्हटलं. काकूने त्यातली एक उचलून हातावर तोलली.

"अम्मा, ही भाकरी आहे का उशी?"

"तुझी भाकरी पाहुण्यासाठी आहे," अम्मा म्हणाली. "माझी भुकेल्यासाठी."

काकूने ती भाकरी टोपलीत सगळ्यात वर ठेवली.

उजेड होता तोवर काम चाललं. टोपल्यांना पांढरं फडकं लावलं, भाकऱ्या गार करून रचल्या, वरून फडकं दुमडलं. आईने दर टोपलीतली एक भाकरी काढून घडी घालून पाहिली. एकही मोडली नाही. तिने पदराला हात पुसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आपल्या गल्लीची भाकरी आहे ही. कुठल्याही पाकिटावर हिचं नाव सापडणार नाही." ती असं बोलत नाही. बदलापूरच्या एका बाईने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. विहारातली मुलं बिस्किटांचे पुडे आणि पाण्याचे बॉक्स घेऊन आली होती. तेही टेम्पोत चढले. संध्याकाळी टेम्पो निघाला. त्याच्याबरोबर गल्लीतल्या दोघीजणी गेल्या.

कोठीतलं विरी गेलेलं पीठ घराघरांत वाटून दिलं गेलं. ते महिनाभर थालीपिठात आणि आंबिलीत संपलं. मार्टमध्ये त्या पिठाच्या जागी जानेवारीत दुसऱ्या कंपनीचं पीठ आलं.

सहा डिसेंबरला दुपारी टोपल्या रिकाम्या परत आल्या. बरोबर गेलेल्या दोघींनी सांगितलं की भाकऱ्या सकाळीच संपल्या आणि जाड भाकऱ्या आधी संपल्या. या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंबरनाथहून शाळूची तीन पोती गल्लीत उतरली आहेत.